मी आणलं पाणी

निळकंठभाऊजी सात वर्षं नायजेरियात बोअरची मशीन चालवत होते.
परतले ते उयोची बायको घेऊन.
उदुआक. नांदोऱ्यात त्याचं उदू झालं,
तिनंही चालवून घेतलं.

पहिल्या आठवड्यात हापशीवरून आली,
गुंड ओट्यावर टेकवला, म्हणाली,
"मी आणलं पाणी."

लागलं मला ते.
मी पाणी आणलं, म्हणजे पाणी आलं, बस्स.
मी आणलं पाणी, म्हणजे
तू कुठं होतीस गं?

मग रोजच.
मी दिला कडबा. मी निवडली तूर.
मी सारवलं अंगण, तेही मी समोर झाडू घेऊन उभी असताना.
पोळ्यापासून दिवाळीपर्यंत मी तिच्याशी कामापुरतं बोलले.
तिला वाटायचं, जाऊबाईचा स्वभावच मुका.

चैत्रात माळवदावर सांडगे घालताना
तिनं सहज तिच्याकडचं एक वाक्य म्हणून दाखवलं:
ओकोन अमा अदिया उदिया.
ओकोन नावाचा कोणी जेवण जेवला.
आधी माणूस, मग त्याचं करणं,
जे केलं ते सगळ्यात मागे.
साधं बोलणं असंच असतं म्हणाली,
त्यात टोमणा नसतो.

माझ्या हातातलं मुगाचं पीठ तसंच राहिलं.
सहा महिने मी कशावर रुसले होते?
एका शब्दाच्या जागेवर.

"आणि तो अ बघ," ती सांगत होती,
"अमाला एक, अदियाला एक. ओकोनची खूण.
ओकोन उठून गेला तरी
क्रियापदाला माहीत, कोण होतं."
मी म्हटलं, आमच्यातही आहे की,
गेलास, आलीस, शेपटाला असते.

"मग मी भाकर खाल्ली, यात खाल्ली कोणाची?"

मी थांबले.
भाकरीची.

"मी भात खाल्ला. मी रोडगे खाल्ले."
बोटं मोडत राहिली.
"चावलं मी. मान भाकरीला?"

सासूबाई जिन्यात बसून ऐकत होत्या.
हसता हसता पिठाचा हात कपाळाला लागला.
"चाळीस वर्सं रांधून राह्यली मी,
मले आज समजलं, बाप्पा."

वैशाखात मामंजींना सेवाग्रामला भरती केलं.
आमच्याकडे रेंज फक्त गोठ्यामागच्या निंबाखाली,
तीही वाऱ्याच्या मर्जीवर.
अंधार असतानाच भाऊजींचा फोन आला:
"वहिनी, बाबांना डॉक्टरनं आत्ता चारच्या सुमाराला
वरच्या वार्डातून..."

गेला.

बाबा आले होते वाक्यात, डॉक्टर आले होते,
वेळ, वार्ड, वरचा मजला, सगळे आले होते.
एक शब्द तेवढा टॉवरवर अडकला.
उदू माझा दंड हलवत होती,
"केलं काय? काय केलं?"
तिच्या बोलीत फोन तुटला असता
तर काय झालं ते कळलं असतं,
कुठून नि किती वाजता, ते राहिलं असतं.
बरं कोणतं, मला अजून ठरवता आलेलं नाही.
गोठ्यात गाय उठून उभी राहिली.
क्रियापद येईपर्यंत
मामंजी दोन्हीकडे होते.

पुन्हा वाजला.
"सोडलं."

तेवढंच. घरी सोडलं, की आशा सोडली?
सासूबाई मटकन खाली बसल्या.
उदूनं फोन हिसकावला, ओरडली,
"सोडलं कुठे?"
"घरी! घरी सोडलं! निघालो, चहा ठेवा."

ऑटोतून उतरले तेव्हा ऊन कौलावर आलं होतं.
हाडं तेवढी उरली होती, आवाज तोच.
खाटेवर टेकता टेकता विचारलं,
"पानी कोनं आनलं आज? थंड हाय."

उदूचं तोंड उघडलं होतं, पण मी आधी बोलले,
"मी आणलं पाणी."

कोणाला काही वाटलं नाही.
उदूनं मात्र भुवई उचलून बघितलं माझ्याकडे.
मामंजी म्हणाले,
"मंग आन अजून एक गिलास."